बोर्राचो

रायबंदरला, झेफेरीनच्या तावेर्नात
हुराकाचे दिवस.
काजूबोंडांचा वास आमच्या आधीपासून बाकावर बसलेला.
मी लिंबूसोडा घेते.
झेफेरीन आता विचारतही नाही.

समोर बेगोन्या.
जुन्या गोव्यातल्या एका वेदीमागच्या चित्रावरची
काजळी पुसायला ती स्पेनहून आली आहे,
कापसाच्या बोळ्याने, दिवसाला वीतभर.
दोन पेले झाल्यावर स्वतःच्या छातीवर बोट ठेवून म्हणते,
बोर्राचा.
आणि पायरीवर कलंडलेल्या मिंगेलकडे बघून,
बोर्राचो.

बाईमाणूस, पुरुषमाणूस, तेवढं कळलं.
पण मला हसू आलं ते निराळ्याच कारणाने.

आमच्या घरी बुर्राशा म्हणजे खोडरबर.
वडील पोर्तुगीज शाळेत चार इयत्ता शिकलेले,
पुढे बंदर-कचेरीत कारकून.
माझी मराठीची वही तपासायला बसत आणि हात पुढे करत:
बुर्राशा दे गं.
चुकलेली वेलांटी पुसताना बोटं थरथरायची.
कागद फाटायचा.
मी म्हणायची, राहू दे बाबा, बाईंना कळतं तसंही.

शब्द मुळात कातड्याचा, बेगोन्या सांगते.
बकऱ्याचं कातडं, शिवलेलं, आत वाइन,
उचलून धरायचं आणि धार थेट घशात.
पखाल, मी म्हणते.
पा-खाल, ती म्हणते,
आणि टेबलावरच्या ओल्यात बोटाने लिहिते, तिच्या लिपीत.
वारा आहे; शेवटचं अक्षर होईतो पहिलं वाळतं.

मग व्याकरण.
तिच्या भाषेत ‘आहे’ दोन.
एक ‘एस’, हाडापर्यंत गेलेला:
दगड कठीण आहे, समुद्र खारट आहे.
एक ‘एस्ता’, तेवढ्यापुरता:
दार उघडं आहे, पेज गरम आहे.
मिंगेल एस्ता बोर्राचो, म्हणजे आत्ता प्यालाय,
उद्या चर्चला दाढी करून येईल.
मिंगेल एस उन बोर्राचो, म्हणजे
बेवडा. विषय संपला.
जपून वापर हं, ती म्हणते,
आणि पेला रिकामा करते.

आमच्यात एकच ‘आहे’, मी म्हटलं.
झेफेरीनने पेले विसळता विसळता मान डोलावली.

घरी निघाले तर पाटोवर आठवलं,
मी खोटं बोलले.
‘आहे’ आणि ‘असतं’.
आपल्याकडेही आहेतच की दोन.

दाराशी कुणी आलं, कचेरीतला शिपाई,
व्याजाचा माणूस, मामा,
की आई उंबऱ्यात उभी राहायची, पदराला हात पुसत:
आज त्यांना बरं नाही.
चौदा वर्षं.
रोज संध्याकाळी ‘आज’.
‘त्यांना बरं नसतं’, असं एकदाही म्हणाली नाही.
‘एस्ता’ तिला कुणी शिकवला?
तिला तर सहीसुद्धा मी शिकवली, ती गेली त्याच्या आदल्या वर्षी.

आळीतली पोरं कोंकणीत ओरडायची,
तिचो बापूय बेबदो!
त्या वाक्यात क्रियापदच नाही.
आहे नाही, होता नाही,
तो गेल्यावरही जसंच्या तसं वापरता येतं.
वापरलं त्यांनी.

वहीतलं एक पान राहिलंय माझ्याकडे.
‘नदी’तली वेलांटी जिथे खोडली
तिथे कागद इतका झिजलाय
की मागच्या पानावरचा पाढा दिसतो,
सात चोक.
पुढचं फाटलंय.

फेरीबोटीचा भोंगा झाला.
बेगोन्याला सांगायला हवं, म्हणून मागे फिरले.
ती गेली होती. झेफेरीन फळ्या लावत होता.
पायरीवर मिंगेल नव्हता,
चपला होत्या,
एक सुलटी, एक उलटी.